टूर्निकेट बांधायचा सराव: "घट्ट" म्हणजे नेमकं किती घट्ट?

सातपूरचा_फिटर

नमस्कार मंडळी. गेले चार रविवार आमच्या गच्चीवर एक सराव चालू आहे, त्याबद्दल लिहितोय. मी, कामावरचे दोघं आणि माझी धाकटी बहीण असे चौघं एकमेकांच्या हातापायाला टूर्निकेट बांधून बघतो. टूर्निकेट म्हणजे हात किंवा पाय कापला जाऊन रक्ताची धार लागली, तर जखमेच्या वर आवळायचा पट्टा. प्रश्न शेवटी विचारतो, आधी हे कशावरून सुरू झालं ते सांगतो.

मागच्या वर्षी वर्कशॉपमध्ये पत्र्याची शीट उतरवताना हातातून सटकली आणि एका पोराचा हात कोपराखाली आतल्या बाजूने उभा चिरत गेली. रक्त ठिबकत नव्हतं, उसळत होतं. आम्ही आठ जण होतो. प्रथमोपचार पेटीत कापूस, आयोडीनची बाटली आणि चिकटपट्ट्या. कुणीतरी रुमाल गुंडाळला. मी कॉम्प्रेसरच्या जुन्या नळीचा तुकडा घेतला आणि दंडाला करकचून गाठ मारली. आता थांबणार, अशी माझी खात्री होती. पण रक्त वाढलं. हात जांभळा पडला, शिरा टरारून वर आल्या आणि रुमाल आधीपेक्षा लवकर भिजायला लागला. शेवटी आमच्या वेल्डरमामांनी नळी सोडून टाकली, अंगातला शर्ट काढून जखमेवर ठेवला आणि गुडघे टेकून दोन्ही हातांनी अंगाचा भार देऊन दाबून धरलं. टेम्पोतून हॉस्पिटलच्या दारापर्यंत त्यांनी हात उचलला नाही. पोरगा वाचला. आज कामावर आहे, दोन बोटांना मुंग्या येतात.

मी बांधल्यावर रक्त वाढलं का, या प्रश्नाने मला महिनाभर झोप लागली नाही. मग प्रथमोपचाराचा दोन दिवसांचा वर्ग केला. तिथे खरा पट्टा पाहिला: सुमारे दीड इंच रुंद, चिकटपट्टीने बसणारा, वर पिळायला दांडी आणि दांडी अडकवायला खाच. वर्गात प्रत्येकाच्या वाट्याला एकच वेळ आली. दांडी दोन वेळा फिरवली, सर "छान" म्हणाले, पुढचा आला. घरी येताना वाटलं, त्या दिवशी नळीची गाठ मारतानाही मला छानच वाटलं होतं.

म्हणून सरावाचा निळा पट्टा मागवला आणि गच्चीवर बसलो. पहिल्या रविवारी जे झालं तेच मला इथे सांगायचं आहे. चौघांनी आपापल्या मते घट्ट पट्टा बांधला. ज्याच्या हाताला बांधला तो कण्हत होता. मग बहिणीने मनगटावर बोटं ठेवली, तर चारपैकी तिघांची नाडी चालूच. म्हणजे खरी जखम असती तर तिघांचं रक्त वाहतच राहिलं असतं, आणि बांधणारा मात्र काम झालं म्हणून निश्चिंत बसला असता.

आता प्रश्न:
एक, सरावात नाडी पूर्ण थांबेपर्यंत आवळणं सुरक्षित आहे का?
दोन, थांबली हे नक्की कसं ओळखायचं? आमच्यात दर वेळी वाद होतो.
तीन, आमच्या वर्कशॉपमध्ये सगळ्यांना शिकवायचं तर कुठून सुरुवात करावी?

गोदातीर

दादा, तळमळ समजली, पण मला हे धोक्याचं वाटतं. आमच्या लहानपणी शाळेत स्काउटच्या सरांनी शिकवलं होतं की असा पट्टा बांधायचाच नाही, हात कायमचा जातो. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांनीही तेच सांगितलं. आणि तुम्ही धडधाकट हाताला बांधून रक्त थांबवताय. काही झालं तर?

कॅज्युअल्टीची_सिस्टर

फिटरदादा, मी एकतीस वर्षं परिचारिका होते, त्यातली बरीच अपघात विभागात. आता निवृत्त आहे, इंदिरानगरला राहते. तुम्ही बहिणीकडून नाडी तपासून घेतलीत हे वाचून फार बरं वाटलं.

आधी तुमची झोप उडवणारा प्रश्न. लॅबमध्ये रक्त द्यायला गेलात की दंडाला रबर बांधतात. कशासाठी? शीर फुगावी म्हणून. शिरा वरवर असतात आणि त्यांच्यातला दाब कमी असतो, त्यामुळे थोडं आवळलं तरी त्या बंद होतात. धमन्या खोल असतात, त्यांच्यात हृदयाचा जोर असतो, त्या एवढ्याने बंद होत नाहीत. म्हणजे हातात रक्त येत राहतं आणि परतीची वाट मात्र अडते. ते जखमेतून बाहेर पडतं. तुमच्या नळीने हेच केलं. अर्धवट आवळलेला पट्टा न बांधलेल्यापेक्षा वाईट, तो यासाठी. तुमच्याकडून हे अज्ञानातून झालं आणि तुम्ही ते शिकायला बसलात. मनाला आणखी लावून घेऊ नका.

गोदातीर, तुमच्या सरांचं त्या काळी चुकलं नव्हतं, तेव्हा सगळीकडे असंच शिकवत. पण एक बघा. गुडघा बदलायच्या शस्त्रक्रियेत बऱ्याचदा मांडीला हवेचा टूर्निकेट फुगवून दीड-दोन तास रक्त अडवतात. ते रुग्ण चालत घरी जातात. साधारण दोन तासांच्या आत पट्टा निघाला तर त्याच्यामुळे हात किंवा पाय गेला असं फार क्वचित घडतं. पुढे जसजसे तास वाढतात तसा धोका वाढतो, आणि सहा तासांच्या पुढे तो अवयव वाचणं अवघड होतं. दुसरीकडे मोठ्या माणसाच्या अंगात रक्त साधारण पाच लिटर. मांडीची मोठी धमनी पूर्ण तुटली तर काही मिनिटांत माणूस हातचा जातो. नाशिक शहरात कुठूनही दोन तासांत हॉस्पिटल गाठता येतं. काही मिनिटांत मात्र कुणीच पोचत नाही.

कॅज्युअल्टीची_सिस्टर

सरावाबद्दल राहिलंच. नाडी थांबेपर्यंत आवळा, कारण त्याशिवाय तो सराव होत नाही. पण थांबली हे कळलं की लगेच सोडा. धरून ठेवायचं नाही, "बघू किती वेळ सहन होतं" असले प्रकार अजिबात नकोत. एका हातावर एका बैठकीत दोन-तीनदा पुरे. ज्याच्यावर बांधायचं त्याने "सोड" म्हटलं की त्याच क्षणी सोडायचं.

कुणावर करायचा नाही तेही लिहून ठेवा. पायात रक्ताची गाठ होऊन गेलेली माणसं, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असलेली, डायलिसिससाठी हातावर फिस्टुला (धमनी आणि शीर जोडून केलेली वाट) केलेली, सिकलसेल असलेली (आपल्या पेठ-सुरगाणा पट्ट्यात हा आजार आहे, मुलांना विचारून घ्या), हातापायाला बधिरपणा आलेले मधुमेही, गरोदर बायका आणि लहान मुलं. मुलांना बघू द्या, उशीवर किंवा गुंडाळलेल्या सतरंजीवर बांधू द्या.

नाडी ओळखण्याबद्दल: अंगठ्याने बघू नका, अंगठ्याची स्वतःची नाडी जाणवते. तर्जनी आणि मधलं बोट, अंगठ्याच्या बाजूला मनगटावर. आणि पट्टा बांधायच्या आधी नाडी शोधून तिथे पेनाने फुली मारा. नंतर नाडी लागली नाही तर ती थांबली की बोट सरकलं, हा वाद मग उरत नाही. घरात रक्तदाबाचं हाताने फुगवायचं यंत्र असेल तर आधी त्याच्यावर बोटं तयार करा. फुगवत जा, एका ठिकाणी नाडी नाहीशी होते, हळूहळू सोडलं की परत येते. हे दहा वेळा केलं की "गेली" म्हणजे काय ते बोटांना कळतं.

हरिहरची_वाट

सिस्टर, आम्ही ट्रेकच्या ग्रुपमध्ये अजून एक गोष्ट करतो. कोविडच्या वेळी सगळ्यांच्या घरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला होता. तो बोटात घालून पट्टा आवळायचा. धमनी बंद झाली की पडद्यावरची लाट सपाट होते आणि आकडा जातो. बरोबर आहे ना हे?

कॅज्युअल्टीची_सिस्टर

बरोबर आहे. फक्त बोट गार असेल किंवा हाताला नेलपॉलिश असेल तर यंत्र तसंही गोंधळतं, म्हणून आधी लाट नीट दिसतेय ना ते बघा. आणि बोटांनी नाडी बघायची सवय सोडू नका, रस्त्यावर ऑक्सिमीटर नसतो.

देवळालीचा_सुभेदार

मी सैन्यात नर्सिंग असिस्टंट होतो, आता देवळाली कॅम्पला असतो. हा धागा मुलाने दाखवला.

थोडा इतिहास सांगतो, त्याने भीती कमी होईल. पिळून आवळायचा टूर्निकेट नवा नाही. फ्रेंच शल्यचिकित्सक झां-लुई पेती यांनी १७१८ साली स्क्रू फिरवून आवळायचा टूर्निकेट तयार केला. हा शब्दच "फिरवणे" या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला. बदनामी झाली ती महायुद्धांत. खंदकात पट्टा बांधलेला सैनिक तासन्‌तास पडून राहायचा, हॉस्पिटलात पोचेपर्यंत पाय गेलेला असायचा, आणि ठपका पट्ट्यावर यायचा. पुढे इराक-अफगाणिस्तानात अमेरिकी सैन्याने प्रत्येक सैनिकाजवळ पट्टा दिला आणि तो लवकर बांधल्याने जीव वाचतात हे त्यांच्या डॉक्टरांनी नोंदी ठेवून दाखवलं. तिथून तो नागरी लोकांच्या शिकवणीत परत आला. अमेरिकेत २०१५ पासून सामान्य माणसांना रक्तस्राव थांबवायला शिकवण्याची मोठी मोहीम आहे.

आता हाताचं काम. फिटर, तुझ्या तिघांची नाडी का चालू राहिली ते मी न बघता सांगतो. दांडी फिरवायच्या आधी पट्टा ओढलाच नसणार. नवशिक्याला वाटतं सगळं काम दांडी करते. दांडी शेवटचा पीळ देते, एवढंच. पट्टा जखमेच्या वर दोन ते तीन इंच, सांध्यावर कधीच नाही. मग मोकळं टोक जीव खाऊन ओढायचं. इतकं की पट्ट्याखाली तीन बोटांची टोकं शिरता कामा नयेत. मग चिकटवायचं, मग दांडी. असं ओढलं असेल तर दोन-तीन अर्ध्या फेऱ्यांत काम होतं. पाच-सहा फेऱ्या द्याव्या लागल्या तर पट्टा ढिला होता असं समज, सोड आणि पुन्हा बांध.

खिशात काय आहे तेही बघायचं. मोबाइल किंवा किल्ल्यांच्या जुडग्यावरून पट्टा गेला की दाब नीट बसत नाही. जखम नेमकी कुठे आहे हे कपड्यामुळे दिसत नसेल, अंधार असेल, तर शोधत बसू नकोस. हात किंवा पाय जिथे धडाला लागतो तिथे जितका वर जाईल तितका वर बांध.

एका पट्ट्याने थांबलं नाही तर काढायचा नाही. त्याच्या शेजारी, वरच्या बाजूला दुसरा. जाड मांडीला पुष्कळदा दोन लागतात. बांधल्याची वेळ पट्ट्यावर लिही, पेन नसेल तर रक्ताने कपाळावर लिही, पण लिही. आणि एकदा बांधला की "जरा रक्त फिरू दे" म्हणून मधूनमधून सैल करायचा नाही. जुन्या पुस्तकांत तसं होतं, त्याने माणसं गेली आहेत. सोडायचं काम डॉक्टरांचं.

शेवटचं. आधी एका हाताने सराव कर, स्वतःच्या दुसऱ्या हातावर. अपघात झाला तेव्हा शेजारी कुणी असेलच असं नाही. वेळ लाव. आधी दीड मिनिट लागेल, मग तीस सेकंदांपर्यंत ये. मग डोळे बांधून कर. मग तेलकट हातांनी कर. तू फिटर आहेस, तेलकट हातांनी पकड कशी सुटते ते तुला मी सांगायला नको.

सातपूरचा_फिटर

सुभेदार साहेब, तुम्ही गच्चीवर उभं राहून बघितल्यासारखं लिहिलंत. खरंच आम्ही आधी ओढत नव्हतो. दांडीच फिरवत होतो, पाच-पाच फेऱ्या.

द्राक्षबाग_दिंडोरी

राम राम. हे सगळं एमआयडीसीचं आणि फौजेचं चाललंय, आमच्याकडचं पण लिहितो. माझ्या शेजारच्या मळ्यात कडबाकुट्टीत एका बाईचा हात गेला मनगटापासून. बागेत ब्लोअरच्या शाफ्टला धोतर, लुगडं, गमछा गुंडाळतो. रोटाव्हेटरवर मागे उभं राहणारी पोरं तर रोज दिसतात. छाटणीत कातरीने बोट कापतं, ते पट्टीने भागतं, त्याचं सोडा. पण यंत्राचं लागलं की तिथे ना तुमचा दांडीवाला पट्टा असतो ना कुणी शिकलेलं. बांधावर सुतळी असते, बागेची तार असते, ठिबकची नळी असते आणि गमछा असतो. यातलं काय बांधायचं?

आणि त्या बाईचा तुटलेला हात पोरांनी बर्फाच्या डब्यात नुसता टाकून नेला. डॉक्टर म्हणाले, असा आणायला नको होता. मग कसा न्यायचा?

कॅज्युअल्टीची_सिस्टर

दादा, फार महत्त्वाचं विचारलंत.

तार आणि सुतळी कधीच नाही. अरुंद वस्तू मांसात रुतते, कातडी आणि मज्जातंतू कापते, आणि खोल धमनी मात्र चालूच राहते. ठिबकच्या नळीने फिटरदादांसारखंच होईल. चामडी पट्टा ताठ असतो, पिळला जात नाही. राहिला गमछा, आणि तुमच्याकडे त्याच्याइतकं चांगलं काही नाही. घडी घालून चार-पाच सेंटिमीटर रुंद पट्टी करायची. जखमेच्या वर दोन वेढे, एक साधी गाठ. गाठीवर मजबूत दांडी ठेवायची: पाना, कातरीची मूठ, लाटणं, बांबूचा तुकडा. पेन्सिल किंवा पेन मोडतं. दांडीवर दुसरी घट्ट गाठ. मग रक्त थांबेपर्यंत पीळ, आणि दांडी उलटी फिरू नये म्हणून तिचं टोक दुसऱ्या फडक्याने हाताला किंवा पायाला बांधून टाका. हे खऱ्या पट्ट्याइतकं भरवशाचं नाही, चुकतं पुष्कळदा. म्हणून याचा सराव जास्त करावा लागतो.

पण हे सगळं करेपर्यंत जखमेवर कुणाचा तरी हात हवा. वेल्डरमामांनी केलं तेच पहिलं काम. स्वच्छ फडकं, थेट जखमेवर, अंगाचा भार. निम्म्याहून जास्त वेळा एवढ्यानेच भागतं आणि पट्ट्याची गरज पडत नाही. हळद, चहापूड, चुना, माती काही भरू नका. आम्हाला ते आधी धुऊन काढावं लागतं, त्यात वेळ जातो आणि जखमेत जंतू शिरतात ते वेगळंच.

तुटलेला भाग: स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बर्फ कातडीला लागला की पेशी मरतात. जखमी माणसाच्या अंगावर गोधडी टाका, गारठलं की रक्त गोठत नाही. चहा-पाणी पाजू नका, शस्त्रक्रिया असते.

शाळेतली_बाई

मी येवल्याची. आमच्याकडे संक्रांतीला पतंगाचं केवढं वेड आहे ते नाशिक जिल्ह्यात सांगायला नको. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच बंदी घातली, तरी दर जानेवारीत कुणा दुचाकीवाल्याचा गळा चिरल्याची बातमी येते. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील असेच मानेवर टाके घेऊन आले. मुलांना हे शिकवायचं म्हटलं तर ती आधी विचारतील, गळ्याला पट्टा बांधायचा का?

देवळालीचा_सुभेदार

नाही. बाई, हे पहिल्याच तासाला, सगळ्यात आधी शिकवा. गळ्याला, छातीला, पोटाला पट्टा कधीच नाही. मानेवर फडकं ठेवून हाताने नेमक्या रक्त येणाऱ्या जागी दाबायचं, गोल गुंडाळायचं नाही, श्वासनलिका दाबायची नाही, आणि हॉस्पिटलपर्यंत हात काढायचा नाही.

जांघ आणि काख या दोन जागाही अवघड. तिथे पट्टा बसत नाही. तिथे जखमेच्या आत गॉज (जखमेवर लावायचं जाळीदार कापड) किंवा स्वच्छ कापड बोटाने कोंबत जायचं, पार तळापर्यंत, आणि वरून दोन्ही हातांनी दाबून धरायचं. ऐकायला क्रूर वाटतं. सरावासाठी कलिंगडाला किंवा जाड स्पंजला बोटभर खोल भोक पाडा आणि त्यात गॉज कोंबून बघा. किती मीटर जातं ते बघून माणसं थक्क होतात.

सर्पमित्र_सिन्नर

मी इतका वेळ वाचत होतो आणि एका गोष्टीची भीती वाटत होती, म्हणून लिहितोच. साप चावल्यावर टूर्निकेट बांधायचा नाही. शक्य असेल तर हे पहिल्या पोस्टमध्ये वर घाला.

आमच्या भागात आजही साप चावला की पहिल्यांदा सुतळी शोधतात. घोणस आणि फुरशाचं विष जिथे चावलं तिथलं मांस सडवतं. वर करकचून बांधलं की ते विष तिथेच साचतं, रक्तपुरवठा बंद होतो, आणि जो पाय वाचला असता तो जातो. नाग, मण्यार चावला तरी गाठीने विष थांबत नाही, फक्त घरच्यांना वाटतं की आता वेळ आहे, आणि ते हॉस्पिटलऐवजी भगताकडे जातात. चिरायचं नाही, चोखायचं नाही, बांधायचं नाही. अंगठी, जोडवी, पैंजण, घड्याळ काढा. हात किंवा पाय मोडल्यावर करतो तसा फळी लावून हलू देऊ नका, धीर द्या, आणि सरळ प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात जा. कुणी आधीच बांधून आणलं असेल तर वाटेत एकदम सोडू नका, डॉक्टरांसमोर सुटू दे. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. गावात एवढं कळलं तरी त्यातलं बरंच साधेल.

टूर्निकेट शिकवणारी चांगली माणसं हे सांगायला विसरतात. मग ऐकणारा घरी जाऊन पुढच्या पावसाळ्यात तो पट्टा सर्पदंशाला बांधतो.

सातपूरचा_फिटर

खूप आभार. आमच्या वर्गातही हे सांगितलं नव्हतं. माझ्या आजोळी, वावीकडे, अजून सुतळीच बांधतात. आजच मामाला फोन करतो.

गोदातीर

मी सुरुवातीला विरोध केला होता. सिस्टरांचं शस्त्रक्रियेचं उदाहरण वाचल्यावर माझ्या आईच्या गुडघ्याची आठवण झाली, तिच्या मांडीला असा पट्टा होता हे मला आज कळलं. मी मत बदललं आहे. आता एकच शंका: रस्त्यावर अनोळखी माणसाला असं बांधलं आणि तो दगावला, तर पोलीस आपल्याला धरणार नाहीत का? खरं सांगतो, द्वारका चौकात अपघात बघून मी एकदा याच भीतीने न थांबता निघून गेलो. ते अजून बोचतं.

हरिहरची_वाट

दादा, यासाठी कायदा आहे. मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. रस्ते अपघातात सद्‌भावनेने मदत केली तर जखमीचं बरंवाईट झालं म्हणून तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी खटला होत नाही. नावगाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही. १०८ ला फोन करून थांबलात तरी पुष्कळ.

१०८ ला सांगताना "खूप रक्त" एवढंच म्हणू नका. कुठला अवयव, पट्टा बांधला का, किती वाजता बांधला, आणि जवळची खूण. हरिहर गडाच्या पायऱ्यांवर आमच्यातला एक जण घसरला होता, तेव्हा पायथ्याचं गाव "निरगुडपाडा की हर्षेवाडी" एवढं नीट न सांगितल्याने आमचा बराच वेळ गेला.

निफाडची_सूनबाई

पट्टे ऑनलाइन अगदी स्वस्तात दिसतात. घेऊ का दोन-चार?

देवळालीचा_सुभेदार

नको, सूनबाई. स्वस्तातल्या नकलांची दांडी पिळताना वाकते नाहीतर तुटते, आणि ते नेमकं गरजेच्या वेळी कळतं. चांगला एकच घ्या. आणि सरावाचा पट्टा वेगळा, गाडीत ठेवायचा वेगळा. सरावाने चिकटपट्टी आणि दांडी कमकुवत होते, तो पट्टा खऱ्या जखमेसाठी ठेवायचा नाही. गाडीतल्याचं प्लास्टिकचं वेष्टन आधीच काढून, घडी घालून, एका हाताने उघडेल असा ठेवा. उन्हात डॅशबोर्डवर नको.

सातपूरचा_फिटर

पाचव्या रविवारचं सांगतो. या वेळी सात जण होतो. वेल्डरमामांना मुद्दाम बोलावलं आणि पहिला तास त्यांच्याकडे दिला: फक्त थेट दाब. त्यांनी वजनकाट्यावर घडी केलेला टॉवेल ठेवला आणि प्रत्येकाला दोन्ही हातांनी दाबायला लावलं. बहुतेकांचा काटा पंधरा किलोच्या आतच अडकला. मामांनी कोपर ताठ करून खांदे वर आणून दाबलं तर पस्तीसच्या पुढे. तेव्हा त्या दिवशी पोरगा का वाचला हे मला दिसलं.

मग पट्टा. आधी नाडीवर फुली, मग ओढणं, मग दांडी, मग नाडी, मग सोडणं. सातपैकी सहा जणांनी पहिल्याच खेपेला नाडी थांबवली. सातवा मी. माझी दांडी खाचेत नीट बसली नव्हती, सुटली. दुसऱ्या खेपेला जमलं, चव्वेचाळीस सेकंदांत. डाव्या हाताने अजून दीड मिनिट लागतं. हायड्रॉलिक तेल लावून केलं तेव्हा पट्ट्याचं टोक तीन वेळा निसटलं. बहिणीने त्यावर एक तोडगा काढला: टोकाला आधीच एक दुमड घालून ठेवायची, म्हणजे बोटांना धरायला काही मिळतं. सुभेदार साहेब, हे योग्य आहे का?

गमछा आणि बांबूनेही केलं. सातपैकी तिघांचीच नाडी थांबली. हे मुद्दाम लिहितोय, द्राक्षबागवाल्या दादांसाठी. गमछ्याचा सराव सोपा नाही.

मालकांशी बोललो. प्रेस शॉपमध्ये दोन चांगले पट्टे, गॉजचे रोल आणि मार्कर असलेली लाल पेटी भिंतीवर लावायला ते तयार झाले. कुलूप लावायचं नाही, हे मी दोनदा सांगितलं.

देवळालीचा_सुभेदार

दुमड योग्यच आहे, बहिणीला शाबासकी सांग. मात्र दुमड लहान ठेवा, नाहीतर पट्टा कडीतून जाताना अडकतो. आता पुढच्या वेळी पायावर करा. पायाची नाडी पावलाच्या पाठीवर, नाहीतर आतल्या घोट्याच्या मागे. ती काहींना आधीच लागत नाही, म्हणून आधी शोधून मगच बांधा. मांडी आवळताना होणाऱ्या वेदनेची सगळ्यांना कल्पना द्या. खऱ्या जखमीला ती होणारच, तो "सोड, सोड" म्हणून ओरडेल. तेव्हा सोडायचं नाही. सरावात "सोड" म्हटलं की सोडायचं, आणि खऱ्या वेळी रक्त थांबेपर्यंत सोडायचं नाही. हा फरक सगळ्यांकडून तोंडाने वदवून घे.

द्राक्षबाग_दिंडोरी

तिघांचीच थांबली, हे लिहिलंत ते बरं केलंत. मी घरी केलं तर मला वाटलं जमलं. बायकोने नाडी बघितली, चालू होती. परत केलं, आधी गमछा ओला करून ओढला, मग थांबली.

एप्रिल छाटणीला माझ्याकडे पेठकडचे वीस मजूर येतात, महिनाभर मळ्यावरच राहतात. त्यांना शिकवायला कुणी येईल का? जेवण माझ्याकडे. ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, कुट्टी सगळं समोर असेल, तिथेच दाखवता येईल.

कॅज्युअल्टीची_सिस्टर

मी येते. रक्तदाबाचं यंत्र आणि गॉज माझ्याकडचं. त्यांच्यात सिकलसेल कुणाला आहे ते आधी विचारून ठेवा, ज्यांना आहे ते नुसते बांधायला शिकतील.

सर्पमित्र_सिन्नर

मीही येतो. पहिला अर्धा तास मला द्या.

सातपूरचा_फिटर

दादा, रविवार ठेवा. मामांना घेऊन आम्ही चौघं येतो, सरावाचे दोन पट्टे आणि वजनकाटा बरोबर आणतो. वणी रस्त्याने यायचं की ढकांब्याकडून, तेवढं सांगा.